पुराच्या गावातला जुना कॅमेरा: एका झूम लेन्सचं प्रकरण

सांगलीत जुना फिल्म कॅमेरा बघायला निघालात तर मॉडेल, लेन्स, किंमत हे सगळं नंतरचं. आधी एकच विचारायचं: २०१९ च्या ऑगस्टमध्ये हा कॅमेरा कुठं होता? त्या महिन्यात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. इथं ४५ फूट ही धोक्याची पातळी धरतात. मारुती चौक, हरभट रोड, गावभाग इथल्या दुकानांत पाणी शिरलं आणि ते लगेच उतरलंही नाही. त्याआधी २००५ चा पूर येऊन गेला होता, नंतर २०२१ ला पुन्हा आला. जुनी दुकानं, जुने स्टुडिओ याच पेठांत. त्यामुळं या भागातून निघालेल्या कॅमेऱ्याचा पाण्याशी संबंध आला नसेल, असं धरून चालता येत नाही.

हे प्रकरण माझ्या भाच्याच्या खरेदीचं आहे. त्यात बॉडी आणि लेन्स एकाच बॅगेत होत्या, एकाच घरातल्या होत्या, तरी दोघींचा इतिहास वेगळा निघाला. सौदा त्यावरच फिरला, म्हणून ते सविस्तर मांडतो.

भाच्याला कॅमेरा कशासाठी हवा होता

भाचा कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. नाद कुस्तीचा. लहानपणी तालमीत जायचा, आता मैदानं बघत फिरतो, कुंडलचं मैदान तर चुकवत नाही. त्याच्या तालमीच्या भिंतीवर जुन्या वस्तादांचे कृष्णधवल फोटो आहेत, लाकडी चौकटीतले. त्याच रांगेत आजच्या पोरांचे फोटो लागावेत, आणि तेही तसेच निगेटिव्हवरून कागदावर काढलेले, अशी त्याची इच्छा. मला ती मनापासून पटली. फोनमध्ये काढलेले कुस्तीचे शेकडो फोटो फोन बदलला की जातात, भिंतीवरचे पन्नास वर्षांपूर्वीचे अजून तिथंच आहेत.

मैदानात प्रेक्षक आखाड्याभोवती बसतात आणि कडेला पंच, वस्ताद, पुढारी. बाहेरून फोटो काढायचा तर लांबचं जवळ आणणारी लेन्स लागणार, म्हणून त्याच्या डोक्यात झूम पक्का बसला होता.

आधी दोन कॅमेरे बघून झाले होते. एक कॅनन एई-१. कॅमेरा देखणा, १९७६ चा, पण त्याचं शटर विजेवर चालतं. सहा व्होल्टची बॅटरी नसेल तर तो क्लिकच होत नाही, आणि आतली सर्किटं ओलीला घाबरतात. तो नको म्हटलं. दुसरा निकॉन एफएम१०. १९९५ ला आलेला, निकॉनच्या नावानं कोसिना कंपनीनं बनवलेला, फोटोग्राफी शिकणाऱ्या पोरांच्या हातात आपल्याकडं खूप दिसायचा. यंत्र साधं आणि चांगलं. पण बघितला त्या नगाचा रोल पुढं सरकवणारा वाइंडिंग लिव्हर अडकत होता, आणि सोबतचा ३५–७० एमएमचा झूम मैदानासाठी तोकडा (एमएमचा आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं).

मग गावभागातून निरोप आला. बंद झालेल्या एका स्टुडिओतला पेंटॅक्स के१०००, सोबत ८०–२०० चा झूम, चामड्याची बॅग. मागणी १४,००० रुपये. भाचा १२,००० पर्यंत जायला तयार होता. "मामा, झूमसकट आहे. असा सेट परत मिळायचा नाही," म्हणाला.

के१००० हे नाव ऐकून मलाही बरं वाटलं. १९७६ पासून १९९७ पर्यंत हा कॅमेरा बनत राहिला, जगभर शिकणाऱ्यांच्या हातात होता. शटर पूर्ण यांत्रिक. एलआर४४ चा एक बटनसेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरच्या काट्यासाठी, सेल नसला तरी एका सेकंदापासून १/१००० पर्यंत शटरचे सगळे स्पीड चालतात. सेल्फ टायमर नाही, भपका नाही. ज्या गावात पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथं कमीत कमी विजेवर चालणारं यंत्र घ्यावं असं माझं ठाम मत आहे.

पहिली भेट

स्टुडिओ वडिलांचा. ते गेल्यावर मुलानं तिथं झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्जचं दुकान टाकलं. घर वरच्या मजल्यावर. माणूस सभ्य. टेबलावर पांढरा टॉवेल अंथरून त्यावर कॅमेरा ठेवला होता, झूम लावलेला, समोरचं टोपण काढलेलं. बॅगेत उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या 'इंदू' रोलची रिकामी डबी निघाली. सरकारी कंपनीचा तो कृष्णधवल रोल एके काळी आपल्या स्टुडिओंत घरचा होता.

"बघा की निवांत, घाई नाही," ते म्हणाले.

"पुरात कुठं होता हो हा?"

"पाणी नाही लागलं त्याला. सगळं वर नेलं होतं आम्ही."

त्यांच्या बोलण्यावर शंका घ्यायचं कारण नव्हतं. पण पुराच्या त्या रात्री कोण काय उचलून वर नेत होतं, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असेलच असं नाही. म्हणून उत्तर ऐकून घेतलं आणि टॉर्च काढला.

बॉडी

पाण्यात राहिलेल्या कॅमेऱ्याच्या खुणा वरच्या कातड्यावर शोधायच्या नसतात, ते पुसता येतं. मी ज्या जागा बघतो त्या पुसताना कुणाच्या ध्यानात येत नाहीत अशा. पट्टा अडकवायच्या कड्यांच्या आतली बाजू, ट्रायपॉडचे आटे, मागच्या झाकणाची बिजागरी, रिवाइंडच्या मुठीखालचा खड्डा, आणि फिल्म सपाट धरणारी मागची दाबपट्टी. पाणी लागलं असेल तर दाबपट्टीवर तांबूस ठिपके येतात आणि स्क्रूच्या खाचांत गंज दिसतो. व्ह्यूफाइंडरमधून बघितलं तर कोपऱ्यात वाळलेल्या पाण्याची पिवळसर कड दिसते.

इथं यातलं काही नव्हतं. आटे स्वच्छ, दाबपट्टी चकचकीत, व्ह्यूफाइंडरमध्ये थोडी धूळ, ती दिसते पण फोटोत येत नाही. नाण्यानं खालचं झाकण उघडलं तर सेलच्या खोबणीत पांढरी पूड होती. भाच्याचा चेहरा पडला. ती पूड जुन्या सेलची, पुराची नव्हे. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं पुसली, सोबत नेलेला नवा सेल घातला, काटा हलला. खिडकीकडं धरून आणि भिंतीकडं धरून फोनमधल्या मीटरशी ताडून बघितलं, फरक अर्ध्या स्टॉपच्या आत (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). या कॅमेऱ्याला मीटर बंद करायचं बटन नाही. लेन्सवर टोपण लावलं की मीटर झोपतं. टोपण न लावता ठेवला तर सेल उतरतो, हे घेणाऱ्याला कुणी सांगत नाही.

मागचं झाकण उघडल्यावर उजेड अडवणारा कडेचा फोम काळा, चिकट, बोटाला लागणारा. तो वयानं तसाच होतो आणि बदलावाच लागतो. त्याचे पैसे सौद्यात धरायचे.

शटरसाठी फोनचा स्लो मोशन उपयोगी पडतो. सेकंदाला २४० चित्रं घेणारा फोन असेल तर लेन्स काढून, मागचं झाकण उघडून, शटरमधून खिडकी दिसेल असा कॅमेरा धरायचा आणि चित्रण करायचं. मग एकेक चित्र पुढं सरकवत, किती चित्रांत उजेड दिसतो ते मोजायचं. एका सेकंदाला २४० यायला हवीत, आमच्याकडं २५० च्या आसपास आली. १/३० ला ८ आली, १/६० ला ४. जुन्या यंत्राला हे उत्तम म्हणायचं. हळू स्पीड आतल्या छोट्या चक्रांवर चालतात आणि तेल सुकलं की आधी तेच अडखळतात. इथं एका सेकंदाचा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा होता.

१/१२५ च्या पुढं फोन कमी पडतो. तिथं डोळा लागतो. शटर १/१००० वर ठेवून आभाळाकडं धरलं आणि मागून बघत दाबलं. चौकट क्षणभर उजळते, ती कडेपासून कडेपर्यंत उजळली पाहिजे. इथं एका कडेला पट्टी काळपट राहत होती. याचा अर्थ शटरच्या दोन पडद्यांपैकी पहिला जरा मंद धावतोय आणि मागून येणारा दुसरा त्याला गाठतोय. १/५०० ला ती पट्टी नव्हती. मी वहीत लिहून घेतलं आणि विकणाऱ्यांनाही दाखवलं. दोष लपवून किंमत पाडण्यापेक्षा दोष दाखवून पाडावी, सौदा स्वच्छ राहतो.

एकूण बॉडी कोरडी, सांभाळलेली. "सगळं वर नेलं होतं" हे बॉडीपुरतं खरं होतं.

झूम

ही लेन्स एकाच कड्यावर चालणाऱ्या जुन्या पद्धतीची. कडं फिरवलं की फोकस, पुढंमागं ओढलं की झूम. वापरायला झटपट, पण तिचं एक आहे. ओढताना-ढकलताना आतली जागा कमीजास्त होते आणि प्रत्येक वेळी बाहेरची हवा आत खेचली जाते. हवेबरोबर धूळ आणि दमटपणा आत जातो. म्हणून जुन्या लेन्समध्ये बुरशीची पहिली शंका मी अशा झूमवर घेतो.

लेन्स काढून तोंड खाली करून धरली तर कडं आपोआप घसरलं. वयाच्या मानानं हे चालतं. कडं फिरवलं तेव्हा मात्र हात थांबला. वाळलेल्या ग्रीसचं फिरणं जड असतं, पण एकसारखं जड. हे किरकिरत होतं, मध्येच मोकळं, मध्येच आवळलेलं. धातूच्या आट्यांत काहीतरी कडक, बारीक अडकलं होतं.

मागून टॉर्च लावून समोरून तिरकं बघितलं. सरळ बघितलं तर खराब लेन्सही स्वच्छ दिसते, उजेड तिरका पडला तरच काच खरं बोलते. समोरच्या काचेच्या आतल्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली, कडेकडून मध्याकडं येणारी. त्याच्या मागच्या काचेवरही थोडी. आणि बुरशीपेक्षा बोलकी एक गोष्ट: आतल्या काचेवर फिकट वळणदार रेघ, जिथपर्यंत पाणी साचून वाळलं होतं तिथपर्यंतची. दमट हवेनं बुरशी येते. अशी रेघ यायला पाणीच आत जावं लागतं.

अ‍ॅपर्चरची रिंग (आतल्या पाकळ्यांनी उजेडाचं तोंड लहानमोठं करणारी) २२ वर ठेवली, मागचा छोटा लिव्हर बोटानं सरकवून सोडला. पाकळ्या टक्कन मिटायला हव्यात. या मिटल्या, पण रेंगाळत. त्यांच्यावर तेलाचा ओलसर थर चमकत होता. पाकळ्या मंद असल्या की फोटो घेण्याच्या क्षणी त्या वेळेत मिटत नाहीत आणि फोटो जास्त उजळ येतो, कधी किती ते सांगता येत नाही.

मग पकडीचं रबर बघितलं. एका बाजूला सैल होतं. नखानं कड उचलली, तर खाली काळा, चिकटून वाळलेला गाळ. कृष्णाकाठच्या माणसाला तो ओळखायला भिंग लागत नाही. पुरानंतर इथल्या घराघरांतून फरशीवरून, भांड्यांतून, पुस्तकांच्या पानांतून हाच गाळ निघाला होता.

मी लेन्स विकणाऱ्यांच्या हातात दिली आणि रबराखालचं दाखवलं. ते गप्प बसून बघत राहिले. मग आत हाक मारली, "आई, जरा ये गं."

त्यांच्या आईंनी सगळा उलगडा केला. "अहो, कॅमेरा मी माझ्या हातानं वर नेला. ह्यांचा जीव त्याच्यात. अल्बम नेले, निगेटिव्हचे डबे नेले. ती लांब लेन्स खाली शोकेसमध्ये राहिली. पाणी उतरल्यावर ह्यांनी पुसली, उन्हात वाळवली, बॅगेत घातली. आता चालेल म्हणाले."

मुलाला यातलं काहीच माहीत नव्हतं, तो तेव्हा पुण्यात नोकरीला. चामड्याच्या बॅगेत ठेवणं हे त्या लेन्ससाठी आणखी वाईट झालं. चामडं ओल धरून ठेवतं, आणि बुरशीला ओल, अंधार आणि खेळती नसलेली हवा मिळाली की ती वाढतच राहते. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडं असतात. आर्द्रता बराच काळ साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की त्यांना काचेवरची धूळ आणि तेलाचा अंशही जगायला पुरतो. त्यांच्यातून पाझरणारं आम्ल काचेवरचा लेप खातं. एकदा लेप गेला की बुरशी पुसूनही तिचा नकाशा काचेवर उरतो.

साफ करून मिळणार नाही का?

भाच्याचा पहिला प्रश्न हाच, आणि तो रास्त होता. घरी आल्यावर ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. ते म्हणाले, बॉडी आणा, झूम आणू नका.

त्यांचं म्हणणं बरोबर आहे. ५० एमएमची साधी लेन्स उघडायला सोपी, काचा मोजक्या, त्या जागच्या जागी बसतात. झूममध्ये काचांचे गट असतात आणि झूम करताना हे गट वेगवेगळ्या अंतरानं सरकतात. ते सरकवणारी नळी, तिच्यातल्या वळणदार खाचा, त्यांत फिरणारे छोटे खुंट, हे सगळं सोडवायचं, गाळ काढायचा, ग्रीस भरायचं आणि परत तंतोतंत जुळवायचं. केसभर फरक पडला तर एक कड स्पष्ट आणि दुसरी कड धूसर येते. आणि जिथं दोन काचा सिमेंटनं चिकटवलेल्या असतात तिथं मधे बुरशी शिरली तर बहुतेक कारागीर हात वर करतात. या कामाची मजुरी चांगल्या स्थितीतल्या दुसऱ्या झूमच्या किमतीला जाऊन भिडते.

थोडी बुरशी असली म्हणून फोटो येत नाहीत असं नाही. दिवसा, सूर्य पाठीशी असताना या लेन्सनंही बरे फोटो आले असते. पण उजेड समोरून आला की बुरशीवर पसरतो आणि फोटोवर दुधी पडदा येतो. मैदानावर संध्याकाळी समोर झगझगीत दिवे असतात. म्हणजे भाच्याला जिथं लेन्स लागणार, तिथंच ती सगळ्यात जास्त फसवणार.

स्वच्छ असती तरी?

या भागावर मी भाच्याशी बराच वेळ बोललो, कारण बुरशी नसती तरी हा प्रश्न राहिलाच असता. मैदानात नामांकित जोड्या शेवटी लागतात. ऊन कललेलं असतं, बऱ्याचदा दिवे लागलेले असतात. या झूमचं उजेड आत घेणारं सगळ्यात मोठं तोंड एफ ४.५ (आकडा लहान तितकं तोंड मोठं). २०० एमएमवर हात हलून फोटो पुसट येऊ नये म्हणून निदान १/२५० तरी लागतं, आणि पैलवान डाव टाकताना त्याच्या खाली जाताच येत नाही. ४०० आयएसओचा (उजेड टिपायची क्षमता सांगणारा आकडा) रोल घालून एफ ४.५ आणि १/२५० हे गणित उघड्या मैदानावर सूर्य मावळेपर्यंत कसंबसं जमतं. दिव्यांत जमत नाही. रोल दोन स्टॉप वाढवून १६०० समजून वापरला तरी दिवे चांगले असले तरच.

शिवाय के१००० च्या व्ह्यूफाइंडरच्या मधोमध फोकससाठी मायक्रोप्रिझमचा, म्हणजे बारीक खवल्यांसारख्या काचेचा, गोल आहे. एफ २ च्या लेन्सवर तो छान चमकतो आणि फोकस बसल्याचं चटकन कळतं. एफ ४.५ ला संध्याकाळी तो काळवंडतो. ऑटोफोकसवर वाढलेल्या पोराला हे वाचून कळत नाही, कॅमेरा डोळ्याला लावून दिवेलागणीला बघावं लागतं. आम्ही तसं बघितलं आणि झूमचा आग्रह भाच्यानं तिथंच निम्मा सोडला.

सौदा

दुसऱ्या भेटीत मी विचारलं, "कॅमेरा वर नेला तेव्हा त्याच्यावर कुठली लेन्स होती?"

आईंनी कपाटातून रुमालात गुंडाळलेली ५० एमएम, एफ २ काढली. झूम लावून कॅमेरा रुबाबदार दिसतो आणि पैसे जास्त येतात असं कुणीतरी मुलाला सांगितलं होतं, म्हणून ही काढून ठेवलेली. टॉर्चखाली धरली. काचा स्वच्छ, पाकळ्या कोरड्या, कडं लोण्यासारखं नसलं तरी एकसारखं फिरणारं. एफ ४.५ च्या तुलनेत एफ २ म्हणजे जवळपास पाचपट उजेड. त्या घरातली खरी मोलाची लेन्स हीच होती.

हिशेब उघडा मांडला. झूमची किंमत शून्य. फोम बदलून, आतून साफ करून, तेल घालून घ्यायला दोनेक हजार. १/१००० चा दोष. बाकी बॉडी आणि ५० एमएमला आम्ही ८,००० म्हटलं, त्यांनी ९,००० म्हटलं, ८,५०० ला तुटलं. झूम ते फुकट देत होते.

"घेऊन जा की, आमच्या काय कामाची," आई म्हणाल्या.

भाच्यानं घेतली, उघडून शिकायला. पण मी ती बॉडीच्या बॅगेत घालू दिली नाही, वेगळ्या पिशवीत बांधली. चामड्याची बॅगही त्यांच्याकडंच ठेवली. पावती साध्या कागदावर, त्यावर बॉडीचा आणि लेन्सचा नंबर, तारीख, सह्या. जुन्या वस्तूला एवढा कागद पुरतो आणि तो असावाच.

निघताना आईंनी भाच्याला विचारलं, "कशाचे फोटो काढणार बाळ?" कुस्त्यांचे म्हटल्यावर म्हणाल्या, "ह्यांनीही काढले होते. पाठवीन शोधून." नंतर खरंच निगेटिव्हच्या दोन पट्ट्या पाठवल्या.

पुढं

पहिला रोल पूर्ण चाचणीचा. त्यात कला शोधायची नाही, कॅमेरा तपासायचा. भाच्यानं वहीत प्रत्येक फ्रेमचा स्पीड आणि अ‍ॅपर्चर लिहिलं. गणपती मंदिराचा परिसर, घाट, मार्केट यार्डातले हळदीचे ढीग, ऊन आणि सावली दोन्ही. रोल घातल्यावर लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची मूठ फिरते का हे बघायला त्याला सांगितलं होतं. ती फिरली तरच फिल्म खरंच पुढं सरकतेय. पुण्याला पाठवून धुऊन आणला. फ्रेममधली अंतरं सारखी, उजेडाची गळती नाही, पडद्याला भोक नाही. १/१००० च्या फ्रेमला एक कड अपेक्षेप्रमाणं काळपट. ऊन-सावलीचं मीटर बरोबर.

रोल, धुलाई, स्कॅन आणि कुरिअर मिळून रंगीत रोलचा खर्च आता दीड हजाराच्या पुढं जातो. महिन्याला दोन रोल वापरले तर चार-पाच महिन्यांत कॅमेऱ्यापेक्षा जास्त पैसे रोलवर गेलेले असतात. हा आकडा घेण्याआधी मांडायला हवा. भाच्यानं त्यावरून कृष्णधवलवरच राहायचं ठरवलं. त्याला हवे होते तेही तेच फोटो, आणि ते पुढं घरी धुता येतात.

लांबून फोटो काढायचा प्रश्न मात्र ५० एमएमनं सुटत नाही, तो वस्तादांनी सोडवला. भाच्यानं त्यांना कॅमेरा दाखवला, कशासाठी घेतलाय ते सांगितलं. पुढच्या मैदानात वस्तादांनी त्याला आखाड्याच्या कडेला, हलगीवाल्यांच्या शेजारी बसवलं. तिथून ५० एमएममध्ये दोन्ही पैलवान, मागचा पंच आणि उठून उभा राहिलेला जमाव, सगळं मावतं. ४०० चा रोल १६०० ला वापरून, धुलाईवाल्याला पाकिटावर दोन स्टॉप पुश (म्हणजे तेवढी धुलाई वाढवा) असं स्पष्ट लिहून पाठवला. दाणे मोठे आले, काळं-पांढरं करकरीत झालं. घुटना डावाची एक फ्रेम आहे, वरच्या पैलवानाच्या पाठीवरची माती कणाकणानं दिसते. ती मोठी करून तालमीला दिली आहे.

पावसाळ्यात कॅमेरा आणि ५० एमएम झाकणाला रबर असलेल्या हवाबंद डब्यात राहतात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरायचं. लेन्स दर आठवड्याला काढून थोडा वेळ उजेडात ठेवायची, हे त्याच्या आईच्या अंगवळणी पडलंय, त्याच्या अजून नाही.

१/१००० ची दुरुस्ती मी करू दिलेली नाही. पडद्याचा ताण वाढवून देतो असं एकानं सांगितलं होतं. पण सुकलेलं तेल न काढता जुन्या स्प्रिंगला ताण दिला की बाकीचे स्पीड हलतात, आणि इथं बाकीचे सगळे चांगले आहेत. मैदानात १/५०० पुरतं.

दिवसाच्या कुस्त्यांसाठी झूम अजून हवाच आहे आणि शोध चालू आहे. विश्रामबागच्या बाजूला, जिथं पुराचं पाणी पोचलं नव्हतं अशा घरात, ७०–२१० चा एक बघून आलो. काच निर्मळ, पाकळ्या टक्कन मिटणाऱ्या, किंमतही वाजवी. पण माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला बसायची खोबण, कॅननचा, जुना एफडी. अ‍ॅडॉप्टर मिळेल का, असं भाच्यानं विचारलं. एफडी लेन्स फिल्मपासून ४२ मिलीमीटरवर बसेल अशी बनवलेली असते. पेंटॅक्समध्ये ते अंतर ४५.५ च्या जवळ आहे. मधे अ‍ॅडॉप्टर घातला की लेन्स आणखी पुढं सरकते आणि लांबच्या वस्तूवर फोकसच बसत नाही. मधे भिंग असलेले अ‍ॅडॉप्टर येतात, ते चित्र बिघडवतात. भाच्यानं लेन्स परत टॉवेलवर ठेवली, त्यांचे आभार मानले आणि पेंटॅक्सची कधी आली तर कळवा म्हणून नंबर देऊन आला.